गळके छप्पर : शोध, दुरुस्ती आणि अर्थकारण

२०११ च्या जनगणनेत घरयादी करणाऱ्या प्रगणकांनी प्रत्येक कुटुंबाच्या घराची स्थिती तीनपैकी एका सदरात नोंदविली : चांगले, राहण्यायोग्य आणि मोडकळीस आलेले. ज्या घराला कोणत्याही दुरुस्तीची गरज नाही ते चांगले, ज्याला किरकोळ दुरुस्ती हवी ते राहण्यायोग्य आणि जे मोठ्या दुरुस्तीवाचून टिकणार नाही ते मोडकळीस आलेले, असा या सदरांचा अर्थ होता. देशातील सुमारे ५३ टक्के कुटुंबे पहिल्या, ४१ टक्क्यांहून अधिक दुसऱ्या आणि ५ टक्क्यांपेक्षा थोडी जास्त कुटुंबे तिसऱ्या सदरात आढळली. गृहनिर्माणाच्या चर्चेत तिसऱ्या गटाचा उल्लेख वारंवार होतो. दुसऱ्या गटाचा सहसा होत नाही. वास्तविक तो गट सुमारे दहा कोटी कुटुंबांचा आहे आणि तिसऱ्या गटात नव्याने भर पडते ती बहुतांशी त्याच्यातूनच.

‘किरकोळ दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. दाराची बिजागरी निखळणे ही किरकोळ दुरुस्ती होय आणि छपरातून पावसाळ्यात चार थेंब गळणे हीदेखील किरकोळच दुरुस्ती समजली जाते. परंतु बिजागरी वर्षभर तशीच राहिली तरी तिच्या दुरुस्तीचा खर्च फारसा वाढत नाही. छपराचे तसे नाही. गळतीकडे दुर्लक्ष केल्यास तिचा खर्च दरवर्षी वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर दुरुस्तीचा पर्यायच उरत नाही. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत त्या घरात गुंतलेली असते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न भांडवल टिकण्याचा किंवा बुडण्याचा असतो.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडते. हे साधे परिमाण लक्षात ठेवले तर छपरावरील भाराची कल्पना येते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले आहे. एवढ्याच आकाराचे छप्पर धरले आणि कोकणातील वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरच्या आसपास मानले, तर त्या लहानशा छपरावर एका पावसाळ्यात ७५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या साडेसात टँकरइतके पाणी पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या एका दिवसात अशा छपरावर साडेतेवीस हजार लिटरहून अधिक पाणी पडले असते. यातील हजारावा भाग जरी आत शिरला, तरी घरातील धान्य, अंथरूण आणि मुलांची पुस्तके भिजण्यास तो पुरेसा असतो.

तथापि, दिसणारे पाणी हे नुकसानीचे लहान अंग आहे. सिमेंट काँक्रीट हे तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कधर्मी वातावरणामुळे आतील पोलादी सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड सच्छिद्र काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो व ही अल्कधर्मिता कमी करतो. समुद्रकिनाऱ्यालगत खाऱ्या हवेतील क्लोराइड तोच थर भेदते. त्यात सतत ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. त्यामुळे आतून दाब निर्माण होतो, खालच्या बाजूचे काँक्रीट तडकते, पोपडे सुटतात, भेगेतून अधिक पाणी व हवा आत जाते आणि गंजण्याचा वेग वाढतो. स्लॅबच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसणे हे या साखळीचे पहिले उघड लक्षण होय.

काँक्रीटच्या टिकाऊपणाविषयी डच अभियंता डी सिटर यांनी १९८४ मध्ये मांडलेला ‘पाचाचा नियम’ या संदर्भात उद्धृत केला जातो. बांधकामाच्या वेळी योग्य काळजीसाठी एक रुपया खर्च केला नाही, तर पुढे देखभालीसाठी पाच, देखभाल टाळल्यास दुरुस्तीसाठी पंचवीस आणि तीही टाळल्यास पुनर्बांधणीसाठी सव्वाशे रुपये लागतात, असे त्याचे स्वरूप आहे. हे मोजमाप नव्हे, ठोकताळा आहे. पाचाऐवजी चार किंवा सात असा गुणक काढता येईल. महत्त्वाचे आहे ते हे की खर्च सरळ रेषेत वाढत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या घेतो.

आरोग्याचा खर्च या हिशेबाबाहेरच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे विकार व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यात नमूद आहे. साठवणीच्या धान्याला ओल लागल्यास बुरशीजन्य विषारी द्रव्ये निर्माण होण्याचा धोका असतो. विजेच्या तारांपर्यंत ओल पोहोचली तर धोका तात्काळ स्वरूपाचा ठरतो. अशा वेळी त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून बंद करणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी असते.

थेंब जेथे पडतो तेथे भेग नसते

गळतीच्या बाबतीत सर्वात सामान्य चूक म्हणजे जेथे पाणी ठिबकते त्याच्या नेमके वर छिद्र आहे असे गृहीत धरणे. कौलारू छपरात पाणी वाशावरून किंवा रिपेवरून काही हात घरंगळते आणि मग खाली पडते. स्लॅबमध्ये ते वरच्या कोब्याखाली पसरते, काँक्रीटमधील कमकुवत जागा शोधते, सळईच्या कडेने किंवा विजेच्या नळीतून वाहते आणि भलत्याच ठिकाणी, पुष्कळदा पंख्याच्या हुकापाशी, बाहेर येते. म्हणून शोधाची सुरुवात छतावर चढून नव्हे तर घरात बसून, वेळेची नोंद ठेवून करणे श्रेयस्कर असते.

पाऊस सुरू होताच काही मिनिटांत गळती लागली आणि तो थांबताच ती थांबली, तर पाण्याला थेट वाट आहे. फुटलेले कौल, पत्र्यावरील खिळ्याचे छिद्र किंवा पाइपाभोवतीची उघडी फट पाहावी. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी ओल उमटली व पाऊस उघडल्यावरही दोन-तीन दिवस टिकली, तर पाणी गच्चीवरील कोब्यात मुरले आहे. वारा विशिष्ट दिशेने असतानाच भिंत ओली होत असल्यास दोष छपरात नसून कठड्यात किंवा बाहेरच्या गिलाव्यात असण्याची शक्यता अधिक. ऐन उन्हाळ्यातही डाग ओला राहतो तेव्हा पाण्याची टाकी किंवा नळजोडणी तपासली पाहिजे. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब पडतात, ते तर गळतीचे नसतातच. स्वयंपाकाची व श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते. त्यावर डांबर लावून उपयोग होत नाही, वायुवीजन वाढवावे लागते.

एवढी नोंद झाल्यावर ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी. डागाचे अंतर दोन लगतच्या भिंतींपासून मोजून तीच मापे गच्चीवर उतरवली की खालच्या डागाशी संबंधित वरचा परिसर निश्चित होतो. त्या परिसरापासून चढाच्या दिशेने शोध घ्यावा, कारण पाणी उताराकडे जाते. सामान्यतः दोष मोकळ्या मैदानी भागापेक्षा सांध्यांत सापडतो. गच्ची व कठडा यांचा कोपरा, पावसाळी पाइपाचे तोंड, टाकीच्या चौथऱ्याचा पाया, स्लॅबमधून वर आलेले लोखंडी खांब किंवा भविष्यातील मजल्यासाठी ठेवलेल्या उघड्या सळया या जागा प्रथम पाहाव्यात. शेवटची जागा ग्रामीण व निमशहरी भारतात विशेष आढळते. पुढे वरचा मजला बांधू, या आशेने ठेवलेल्या सळया वर्षानुवर्षे पावसात उभ्या राहतात आणि गंज त्यांच्यावाटे थेट खांबात व स्लॅबमध्ये उतरतो. आशेची किंमत वर्तमान छपराने मोजावी, असा हा प्रकार आहे. अशा सळयांवर सिमेंटचा लेप देऊन कमी प्रतीच्या काँक्रीटने त्या झाकून ठेवणे हा अल्प खर्चाचा उपाय उपलब्ध आहे.

लाकडी हातोडीने कोब्यावर हलके ठोकत गेल्यास जेथे थर सुटला आहे तेथे पोकळ आवाज येतो. तरीही जागा सापडत नसल्यास पाणी साठवून चाचणी घेतली जाते. पावसाळी पाइपाचे तोंड बंद करून गच्चीचा एकेक भाग विटा व मातीच्या बांधाने अलग करावा, त्यात सुमारे २५ मिलिमीटर पाणी ४८ तास ठेवावे आणि खाली लक्ष ठेवावे. भाग बदलत गेल्यास दोषी भाग हाती लागतो. २५ मिलिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो असते. वापराच्या गच्चीसाठी संकल्पनात सामान्यतः १५० किलो भार धरलेला असल्याने सुस्थितीतील स्लॅबला त्याचे काही वाटत नाही. मात्र ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत किंवा जो मध्यभागी वाकला आहे, त्यावर ही चाचणी कदापि घेऊ नये. तेथे घर रिकामे करून स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

भेग सापडली तरी ती जिवंत आहे की मृत, हे ठरवावे लागते. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावून काही आठवडे थांबावे. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. दिवसा उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि भेग उघडते-मिटते. अशा भेगेत ताठ सिमेंट भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी भेग पाडणे होय. तेथे लवचीक पदार्थच भरावा लागतो.

कौल, पत्रा आणि स्लॅब

कौलारू घराची दुरुस्ती ही परंपरेने वार्षिक घटना होती. कोकणात आगोटीच्या कामांत घर शाकारणे हे एक ठरलेले काम असे. कौले उतरवून झाडणे, फुटकी बदलणे, कुजलेली रीप काढणे, आढ्यावरील कोने पुन्हा बसविणे आणि पन्हळीतील पालापाचोळा काढणे हे सर्व दोन-तीन दिवसांत, घरचे आणि शेजारचे मनुष्यबळ वापरून होत असे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे यंत्राने घडविलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या मंगलोरी कौलांचा पश्चिम किनाऱ्यावर प्रसार झाला. त्यांच्यामुळे गळती घटली, तरी तत्त्व तेच राहिले : छप्पर सुट्या तुकड्यांचे आहे, दोष डोळ्यांना दिसतो आणि एक कौल बदलले की तो नाहीसा होतो.

पत्र्याच्या छपरात गळती मुख्यतः जोडणीच्या छिद्रांतून होते. खिळा किंवा बोल्ट पन्हाळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात व ते ठराविक काळाने बदलावे लागतात. दोन पत्र्यांचा एकमेकांवरील चढाव पुरेसा नसला तर वाऱ्याच्या दाबाने पाणी उलटे वर चढते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते पत्रे फोडणे, घासणे किंवा कोरड्या स्थितीत त्यांना भोके पाडणे फुप्फुसांना घातक आहे. हाताळणे अपरिहार्यच असेल तर ते ओले करून व तोंडानाकावर योग्य मुखपट्टी बांधून हाताळावेत.

स्लॅबची दुरुस्ती अधिक क्रमबद्ध असते आणि हा क्रमच बहुतेक ठिकाणी उलटा केला जातो. घरमालकाला खालचा डाग खुपतो, म्हणून गवंडी खालच्या बाजूने गिलावा करतो व रंग देतो. पाणी वरून येतच राहते. पूर्वी ते ठिबकून निघून जात असे, आता ते स्लॅबमध्येच अडकते आणि सळईला अधिक काळ ओल मिळते. डाग गेला, पण रोग वाढला. योग्य क्रमात प्रथम स्लॅबची ताकद पाहिली जाते. सुटलेले काँक्रीट काढून, सळईवरील गंज घासून, तिला गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मसाल्याने तो भाग भरून घेतात. सळईची जाडी बरीच घटली असेल तर जादा सळई जोडावी लागते. त्यानंतर वरच्या बाजूस सैल कोबा काढणे, भेगा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात कोरून भरणे, कठड्याच्या कोपऱ्यास गोलाई देणे, पाइपाच्या तोंडाकडे शंभरास एक या प्रमाणात उतार करून घेणे आणि सर्वात शेवटी जलरोधक थर देणे ही कामे येतात. उतार चुकलेला असल्यास महागडा थरही फार काळ टिकत नाही, कारण साचलेले पाणी आज ना उद्या वाट काढतेच.

जलरोधक थरांच्या पद्धती प्रदेशागणिक भिन्न आहेत. मुंबई व परिसरात विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसविण्याची पद्धत रूढ आहे. उत्तर भारतात भुसा मिसळलेल्या मातीचा थर देऊन त्यावर विटांच्या फरश्या बसवीत, त्यामुळे उष्णताही अडते. तामिळनाडूत चुन्याच्या काँक्रीटमध्ये गूळ व हिरड्याचे पाणी मिसळून वर भाजक्या मातीच्या पातळ फरश्या लावण्याची जुनी रीत आहे. बंगालमध्ये चुना-सुरखीच्या थराला ‘जलछाद’ म्हणतात. चुन्याच्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक, आयएस ३०३६, उपलब्ध आहे. केरळमध्ये अनेक घरमालक स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे दुसरे छप्पर चढवितात. हे आळशीपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. जेथे पाऊस सहा महिने रेंगाळतो तेथे वाळण्याइतका वेळच स्लॅबला मिळत नाही.

नवे पर्याय म्हणजे पॉलिमर-सिमेंटचा लेप, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे लवचीक थर आणि उष्णतेने चिकटविले जाणारे सुधारित डांबराचे पटल. यांपैकी उघडे डांबर ऊन सहन करू शकत नाही, त्यावर संरक्षक आवरण लागते. जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकण्याची प्रथा मात्र धोकादायक आहे. शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरते. तीन दुरुस्त्यांत तीन थर चढले, की गंजलेल्या सळयांवर मूळ संकल्पनात कधीही न धरलेला भार येतो. गळती थांबावी म्हणून केलेला खर्च तेव्हा छप्पर कोसळण्याचे कारण ठरू शकतो.

उशीर का होतो ?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न हा की, लवकर दुरुस्ती इतकी स्वस्त असेल तर कुटुंबे ती का करीत नाहीत. निष्काळजीपणा हे उत्तर सोपे आहे, परंतु बरोबर नाही.

पहिली अडचण ऋतूची. दोष जून ते सप्टेंबरमध्ये दिसतो, पण स्लॅब ओला असताना बहुतेक थर त्यावर धरत नाहीत. दुरुस्तीस योग्य असा काळ साधारणतः ऑक्टोबरनंतर येतो. तोपर्यंत गळती थांबलेली असते आणि घरातील पैसा सण, रब्बीची पेरणी, लग्नकार्य यांकडे वळलेला असतो. मे महिन्यात आठवण होते तेव्हा गवंड्याची मजुरी चढलेली, पाण्याची टंचाई असलेली आणि काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारण्याची सोय नसलेली, अशी परिस्थिती असते.

दुसरी अडचण माहितीची. जलरोधक काम चांगले झाले की नाही हे ते झाल्यानंतर लगेच समजत नाही. पुढच्या पावसाळ्यात समजते, तेही अंशतः. विकणाऱ्याला गुणवत्ता माहीत आणि विकत घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात किंमत हा गुणवत्तेचा भरवशाचा निर्देशक राहत नाही. चांगले काम करणाऱ्या कारागिराला योग्य मोबदला मिळत नाही, मग तोही स्वस्त मार्ग धरतो. एकदा फसलेले कुटुंब दुसऱ्या वेळी खर्चच टाळते. असममित माहितीचा सिद्धान्त अभ्यासताना जुन्या मोटारींचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. भारतीय विद्यार्थ्याला गच्चीचे उदाहरण अधिक जवळचे वाटावे.

तिसरी अडचण पतपुरवठ्याची. समजा, एका कुटुंबाला आज ८,००० रुपयांची दुरुस्ती हवी आहे आणि दोन वर्षे थांबल्यास तीच ४०,००० रुपयांची होणार आहे. हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत. दरमहा शेकडा तीन रुपये या सावकारी दराने सरळव्याजाने कर्ज काढले, तरी दोन वर्षांनी व्याज ५,७६० रुपये आणि एकूण परतफेड १३,७६० रुपये होते. म्हणजे इतक्या महागड्या कर्जानेही दुरुस्ती करणे परवडते. असे असूनही ते काढले जात नाही, कारण शेतीचे कर्ज पिकातून फेडता येते, छपराच्या दुरुस्तीतून रोख उत्पन्न निर्माण होत नाही. वाचलेले ३२,००० रुपये कुणाच्या हातात पडत नाहीत. न झालेले नुकसान तारण म्हणून दाखविता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जाच्या निकषांत घरांच्या दुरुस्तीसाठीच्या कर्जांचाही समावेश आहे. तथापि इतक्या लहान रकमेच्या कर्जाची छाननी बँकेला खर्चिक पडते. त्यामुळे व्यवहारात हे काम बचत गट व पतसंस्थांकडे येते.

यापेक्षाही मोठा बदल छपराच्या प्रकारात झाला आहे. २००१ मध्ये देशातील सुमारे २० टक्के कुटुंबांच्या घरांवर काँक्रीटचे छप्पर होते, २०११ मध्ये ते प्रमाण २९ टक्क्यांवर गेले. शहरांत ते सुमारे ५२ टक्के होते, ग्रामीण भागात १८. कौलाकडून स्लॅबकडे झालेली ही वाटचाल प्रगतीच होय, यात शंका नाही. पण तिच्यासोबत देखभालीचे स्वरूप पालटले. कौलारू घराला दरवर्षी थोडे श्रम लागत आणि ते घरचेच असत. स्लॅबला अनेक वर्षे काहीच लागत नाही, मग एकदम मोठी रोख रक्कम व विशेष कौशल्य लागते. ‘पक्के घर म्हणजे देखभाल नको’ हा समज या मधल्या शांत वर्षांतून निर्माण होतो. सळई मात्र त्या वर्षांतही गंजतच असते.

गच्ची कोणाची ?

शहरांत यात सामूहिक मालकीची भर पडते. सात मजली इमारतीची गच्ची गळते तेव्हा त्रास सातव्या मजल्यावरील रहिवाशांना होतो, खर्च मात्र सर्वांनी करावयाचा असतो. तळमजल्यावरील सभासदाला त्या खर्चाचा दृश्य लाभ नसतो. सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धान्तातील फुकट्या लाभार्थ्याची समस्या ती हीच. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी तिचे उत्तर नियमाने दिले आहे. गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती आणि त्या गळतीमुळे खराब झालेल्या वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्याची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. त्यासाठी दुरुस्ती-देखभाल निधी व सिंकिंग फंड उभारण्याची तरतूदही आहे. शौचालय, न्हाणीघर यांसारख्या घराच्या अंतर्भागातील गळती मात्र सभासदाच्या खर्चाची बाब ठरते. म्हणूनच वर वर्णन केलेला गळतीच्या उगमाचा शोध हा तांत्रिक तसाच आर्थिक दायित्वाचा प्रश्न बनतो.

भाड्याच्या घरांत लाभ आणि खर्च यांची फारकत अधिकच तीव्र असते. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यातून दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला मालकी नसल्याने खर्च करण्याचे कारण उरेना. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन करण्यात आले व या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला. सुरुवातीस सुमारे १९,६०० इमारती या उपकराच्या कक्षेत होत्या. भाडेकरूला संरक्षण देणारा एक कायदा आणि त्याच्या परिणामांवर उतारा म्हणून बावीस वर्षांनी आलेला दुसरा कायदा, असा हा क्रम परीक्षार्थींनी किंमत नियंत्रणाच्या अभ्यासात अवश्य पाहावा.

मोजणी आणि तरतूद

शासकीय योजनांमध्ये दुरुस्तीला स्थान नव्हते असे म्हणता येणार नाही. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून २० टक्के निधी निवासास अयोग्य कच्च्या घरांच्या दर्जावाढीसाठी राखून ठेवण्यात आला आणि त्यासाठी प्रतिघर १०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात येऊ लागले. २०१६ मध्ये या योजनेची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १.३० लाख रुपये साहाय्य आहे. ते नवे पक्के घर बांधण्यासाठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांच्या उद्दिष्टास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पात्रता ठरते ती भिंत व छप्पर कच्चे असण्यावर. ज्याच्यावर एकदा काँक्रीटचा स्लॅब पडला ते घर व्याख्येने पक्के होते. तो स्लॅब गळू लागला म्हणून ते पुन्हा कच्चे ठरत नाही.

बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मधील शहरी घरांची तूट १ कोटी ८७.८ लाख इतकी अंदाजली होती. तीत जुनाट, कालबाह्य घरांचा वाटा २२.७ लाखांचा होता. ही घरे एका दिवसात कालबाह्य झाली नव्हती. दुरुस्तीअभावी ती त्या सदरात आली असतील, तर तूट कमी करण्याचा एक मार्ग नव्या बांधकामापेक्षा बराच स्वस्त असला पाहिजे.

सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत तर लेखापद्धतीच प्रतिकूल होती. नवी वर्गखोली योजना खर्चात येई, तिच्या छपराची डागडुजी योजनेतर खर्चात. वित्तीय ताण आला की योजनेतर खर्चास प्रथम कात्री लागे. बाराव्या वित्त आयोगाने २००५-१० या काळासाठी रस्ते व पुलांच्या देखभालीस १५,००० कोटी आणि सार्वजनिक इमारतींच्या देखभालीस ५,००० कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचविले, ते याच कारणाने. योजना व योजनेतर हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून संपुष्टात आला, परंतु भांडवली खर्च म्हणजे चांगला आणि महसुली खर्च म्हणजे टाळावयाचा, ही मनोवृत्ती त्याबरोबर गेलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शासकीय शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेतही हीच विसंगती दिसते. स्वतःच्या घरात राहणारे कुटुंब स्वतःलाच निवाससेवा पुरविते असे मानून तिचे आरोपित भाडे देशांतर्गत उत्पादनात धरले जाते. त्या घराची नित्याची डागडुजी हा मध्यवर्ती वापर समजला जातो, तर आयुर्मान वाढविणारे मोठे नूतनीकरण स्थिर भांडवल निर्मितीत मोजले जाते. वेळीच ८,००० रुपयांत गळती थांबविणाऱ्या कुटुंबाची नोंद त्यामुळे भांडवल निर्मितीत होत नाही. ती न थांबविता पुढे स्लॅब पाडून नवा टाकणाऱ्याची होते. छपराची झीज निव्वळ उत्पादन काढताना वजा होते खरी, परंतु ती गृहीत आयुर्मानावर आधारलेली सरासरी असते, प्रत्यक्ष गंजलेल्या सळयांची मोजणी नव्हे.

ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचा कार्यक्रम प्रधानमंत्री आवास योजनेसोबत राबविण्यात आला आणि त्याचा भर साहजिकच नव्या घराच्या बांधणीवर होता. त्यातच ओलीचे निदान व स्लॅबची दुरुस्ती यांचा समावेश करण्यास वेगळी यंत्रणा लागणार नाही. एका वस्तीतील दहा-पंधरा घरांनी मिळून नोव्हेंबरमध्ये एकाच कारागिराला काम दिले आणि मोबदल्याचा पाचवा हिस्सा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवला, तर माहितीची व पतपुरवठ्याची अशा दोन्ही अडचणी काही अंशी सुटतात. कारागिराला एकगठ्ठा काम मिळते आणि कामाची परीक्षा पावसाळा घेतो. बचत गटांना असा करार लिहून घेणे अवघड नाही. त्यात स्लॅबचे क्षेत्रफळ, उताराची दिशा, वापरलेल्या थराचे नाव आणि ४८ तासांच्या पाणी-चाचणीची तारीख एवढ्या चार नोंदी असल्या तरी पुरे.